पानथरी

चैतू पुंगाटी, वय एकतीस, मुक्काम शिवडी,
चौतिसाव्या मजल्यावर सळया बांधतो.
वीस मिलीलीटर रक्त दिलं त्याने
आणि बिस्किटाचा पुडा न फोडता खिशात घातला.

परळच्या प्रयोगशाळेत रात्री साडेनऊला
ते रक्त मी फिरवून थरांत वेगळं करते.
वर पिवळसर पाणी, तळाशी लाल गाळ,
मधे एक पांढुरकी रेघ, दुधावरच्या सायीसारखी.
मला हवी असते ती रेघ.
आठवण ठेवणाऱ्या पेशी तिथे सापडतात.

लहानपणी भामरागडकडे दर पावसाळ्यात
हिवताप यायचा, सांगत होता.
आई बरगडीखाली डावीकडे चाचपून म्हणायची,
पानथरी आलीय.
आमच्या पुस्तकात तिचं नाव प्लीहा.
एकेका लाल पेशीला ती
अंग चोरून जावं लागेल अशा बोळातून पाठवते.
जिच्यात परजीवी शिरलाय ती ताठरते,
वाकत नाही,
तिथेच धरली जाते.
असं करत करत अंग शिकतं.
पुढे पुढे ताप आला तरी हा उठून बांधीत जायचा,
चिखलात, धान लावायला.

मग मुंबई. सात वर्षं.
इथे पालिकेची माणसं येतात,
स्लॅबवर साचलेलं पाणी उपसायला लावतात,
मुकादमाला नोटीस देतात.
सात वर्षांत चैतूला एकदाही हुडहुडी भरली नाही.

पहाटे यंत्र ठिपके मोजून थांबतं.
अकरा.
गावातच राहिलेल्या त्याच्या धाकट्या भावाचे
दोनशेच्या वर होते.
मी पुन्हा मोजते. अकराच.
माझी आई फोनवर मालवणीत बोलते
आणि मी उत्तर देते ते असं, छापल्यासारखं.
पण ते वेगळं. त्याने कुणी मरत नाही.

संमतीपत्राच्या चौथ्या पानावर लिहिलंय:
वैयक्तिक निष्कर्ष कळवले जाणार नाहीत.
खाली त्याची सही, एकेक अक्षर ओढत काढलेली.

गुरुवारी तो दुसऱ्या नमुन्यासाठी आला.
दिवाळीत घरी जातोय, बाई.
पोरगी इथंच झाली, आईनं अजून पाहिली नाही.

मच्छरदाणी न्या, मी म्हणाले. दोन न्या.
ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा.
तो हसला.
आमच्याकडचे डास ओळखतात मला.

मी नळीवर लिहिलं:
सत्तेचाळीस. भेट दुसरी.