डावीकडून चौथा खण

परीक्षेत पुस्तक उघडं ठेवता येतं.
पुस्तक तरी कसलं, कंपनीची साइट,
अकरा हजार पानं,
आणि शोधायची चौकट तेवढी बंद.
देवाजीमामा हसला :
"मंग उघडं काऊन म्हंतेत त्याले?"

मामा आर.एम.एस.मध्ये होता. डाकेच्या डब्यात
एकोणतीस वर्षं, उभ्यानं, पत्रांची छाटणी.
अजून डोळे मिटून सांगतो :
वर्धा, पुलगाव, धामणगाव,
चांदूर खालच्या ओळीत, बडनेरा कोपऱ्यात,
कारण अमरावती तिथून फुटते
आणि तो थैला जड.
त्यांचीही परीक्षा असायची. खोट्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या,
समोर खण, साहेबाच्या हातात घड्याळ.
"पत्ता वाचाचा नाही, पाहाचा.
वाचत बसलं तं गाडी गेली."

मे महिनाभर पाचपावलीच्या खोलीत
कूलरमध्ये बादल्या ओतत मी तेच केलं.
मामा माझ्या वहीतून कुठलाही शब्द उचलायचा,
उच्चार त्याचे स्वतःचे,
"मल्टिकाश्ट!"
आणि माझं बोट धावायचं :
उत्पादन, आवृत्ती, गाइड, रूटिंग,
आत, अजून आत.
चाळीस सेकंद. बत्तीस.
एकदा वीज गेली,
ती फेरी त्यानं धरली नाही.

हिंगणा रोडवरचं केंद्र. एसी असा
की बाहेर सेहेचाळीस आहे हे खोटं वाटावं.
तिसऱ्या तासाला दोन राउटर
शेजारी व्हायला तयार होईनात.
हॅलो म्हणतात, परत हॅलो म्हणतात,
आणि एक्सस्टार्टच्या उंबरठ्यावर अडून बसतात
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यांसारखे.

पाठ होतं ते सगळं आटलं.
हात मात्र निघाला होता.
पान उघडलं, जुन्या आवृत्तीचं.
मागे. चक्र फिरतंय. फिरतंय.
मग मथळ्यांवरून नुसती पाहत गेले,
वाचलं काहीच नाही,
आणि पार तळाशी, करड्या चौकटीत,
महिनाभर मी जिच्यावरून उडी मारत आले ती टीप :
दोन्हीकडचा एमटीयू सारखा हवा.
एवढंच.
एकाची खिडकी पंधराशेची,
दुसरा नऊ हजारांचं पाकीट कोंबतोय.

एक ओळ टाइप केली.
शेजारी : फुल.
तोवर अकरा मिनिटं गेली होती
आणि ती मी नंतर कुठूनच भरून काढू शकले नाही.

संध्याकाळी मामानं निकाल विचारला नाही.
"कोन्त्या खनात भेटलं?"
"रूटिंगच्या आत. डावीकडून चौथा, अगदी खाली."
त्यानं हवेत हात नेला,
चौथ्यापाशी थांबला, जरासा वाकला.
"हाव. जाड पाकिटं मी बी तिथंच ठेवो.
अन् राहिले किती?"
"चार प्रश्न."
"चार." चष्मा काढून सदऱ्याला पुसला.
"थैला बांधाची वेळ झाली का
राहिलेली पत्रं आम्ही पुढच्या गाडीत देवो.
कोनाचं गहाळ नाही झालं."

बराच वेळ कूलर तेवढा बोलत होता.

"एक झालं होतं," तो म्हणाला.
"मूर्तिजापूरचं."