उजवीकडचा वारा

मे महिन्यात होटगी रोडला
सकाळी साडेनऊनंतर वारा कोणाचं ऐकत नाही.
इनामदार सर म्हणालेच होते,
येमुल, आज राहू दे. घरी जा, जेव.
मी म्हटलं, एकच फेरी, सर.

विंडसॉक डावीकडे ताठ,
कुणी बोट रोखून सांगावं तसा.
मी तो पाहिला होता.
पाहिला होता, हे चौकशीत लिहून दिलंय.

दांडा पूर्ण उजवीकडे, डावा पाय तयार.
सगळं पाढ्यासारखं पाठ.
तीस नॉट. चाळीस.
आणि पाठ असलं की माणूस करतं तेच केलं,
हात सैल सोडला.

उजवा पंख उचलला,
वाळत घातलेल्या चादरीचा एक कोपरा सुटतो
तेवढाच.
नाक वळलं वाऱ्याकडे.
किती वेळा फळ्यावर काढून दाखवलं होतं सरांनी,
वारा शेपटीला ढकलतो
आणि विमान तोंड करतं त्याच्याचकडे.
डावं चाक जमिनीवर,
उजवं अजून काहीच ठरवत नव्हतं.

मग पाय दिला. उशिरा, आणि नको तेवढा.

नान्नांच्या भुवईत एक खाच आहे.
शेडमध्ये एकटे चार माग सांभाळायचे,
तिसऱ्याचा धागा तुटला म्हणून मान वळली
आणि दुसऱ्यातून धोटा उडाला.
लहानपणी मी विचारायचे, धोट्याला पंख असतात?
लेदु, म्हणायचे,
त्यानं फक्त जायचं, यायचं.
उडायचं नसतं, म्हणून तर लागतो.

कडेचा एक दिवा, मग मुरूम,
मग वेडी बाभूळ,
डाव्या पंखाचं टोक मातीत,
आणि प्रोपेलरचा तो आवाज
जो मी अजून कुणाला काढून दाखवलेला नाही.
इंधन बंद. मॅग्नेटो बंद. मास्टर बंद.
हे मात्र हातांनी आपोआप केलं.
लांबून सरांची मोटरसायकल येताना दिसली,
तीही वाऱ्यानं जरा तिरकी.

रात्री जेवताना नान्नांनी एवढंच विचारलं,
वारा कुठल्या अंगाचा होता?
उजव्या.
त्यांनी उजवी मूठ हवेत वळवली,
ताटाच्या वर, जरा बाहेर दाबून,
आणि तशीच धरली.

किती वेळ धरायचं असतं?

जमीन सुटेपर्यंत, म्हणाले मी.
मग म्हणाले, नंतरही थोडं.

आमटी निवली.
मूठ अजून तिथेच होती.