सुट्टी

जिंतूरच्या दवाखान्यात शिवकन्याला
बाळंत झाल्यापासून तीस तासांत सुट्टी झाली.
सुट्टीच म्हणतात तिला.
शाळा सुटते तशी.

एका कॉटवर दोघी, एक उशाकडं, एक पायथ्याकडं,
आणि तिसरी वऱ्हांड्यात कळा देत, भिंत धरून.
सिस्टर म्हणाली, टाके नाहीत, रक्त आटोक्यात आहे,
लेकरू पितंय, मग जागा कशाला अडवायची?
मी काही बोलले नाही.
भिंत धरलेली बाई माझ्या गावची असती
तर मीही हेच म्हणाले असते.

गाडीनं फाट्यावर सोडलं. पुढं रस्ता खोदलेला.
लेकरू सासूच्या पदरात,
हिच्या हातात कॅरीबॅग : कार्ड, लोहाच्या गोळ्या,
अर्धा बिस्किटपुडा.
दीड किलोमीटर चालत आली.

माझं नाव दैवशाला. गावात कुणी घेत नाही.
आशाताई आली म्हणतात, आणि खुर्ची पुसतात.
माझ्या वहीत दिवस आधीच छापलेले :
तिसरा, सातवा, चौदावा,
असं करत बेचाळिसावा.

तिसऱ्या दिवशी गेले.
दाराला लिंबाचा डहाळा, बाजेखाली शेगडी,
ओव्याच्या धुरात काही दिसेना.
सोजरबाई म्हणाल्या, पायावर पाणी घे,
आन् लेकराला बघ, रातभर रडायलंय.
लेकराला झोळीत घालून काटा धरला : दोन किलो सहाशे.
श्वास मोजले. बेंबी कोरडी. अंग गरम नाही.
लेकराचे रकाने पुष्कळ असतात.
आईचे थोडे, पानाच्या खालच्या अंगाला.
पेन तिथवर जाईपर्यंत चहा येतो.

चहा आला.
मी कप खाली ठेवला. आन् तुला गं?
ती सासूकडं बघत म्हणाली, काय नाई.
डोकं ठणकायलंय कालपासून. धुरानं असंल.
आणि डोळे?
काजवे चमकायलेत. झोप नाई ना.

मी गाऊन घोट्यावरून वर सारला,
नडगीवर अंगठा दाबून धरला.
उचलला.
खळगा तसाच राहिला,
ओल्या मातीत शेळीचं खूर उमटावं तसा.
भरेचना.
ती बघत होती. सोजरबाईही वाकल्या.

नर्सबाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मशीन घेऊन आली.
एकशे साठवर एकशे दहा.
गाडीला फोन लावला तशा
सोजरबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या :
पाचवी व्हायची हाय अजून.
आन् त्यांनीच दिली की सुट्टी.
बरी नव्हती तं कामून सोडलं?

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
छापलेल्या कुठल्याच पानावर नव्हतं.
म्हणाले, मावशी, सटवी दवाखान्यातबी येती.
तिला कोरा कागद लागतो ना?
आणि वहीचं शेवटचं पान फाडून दिलं.
पानांना नंबर आहेत. वरची मॅडम विचारेल.

वॉर्ड तोच, कॉट तीच.
भिंत धरलेली बाई आता तिच्यावर,
कुशीत मुलगी.
तिनं पाय आखडले, म्हणाली, ये, बस.

पाचव्या रात्री पान उशाखाली ठेवलं,
माझं पेन त्याच्यावर.
सकाळी कोरंच निघालं.
सोजरबाई म्हणाल्या, दिसत नसतंय ते,
आणि घडी घालून चोळीत खोचलं.
मग स्वतःच सुनेचा पाय मांडीवर घेतला,
मी दाबला होता तसा अंगठा दाबला,
उचलला,
आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागल्या.

भरला. सावकाश, पण भरला.

सुट्टी कधी, हे त्या दिवशी
आमच्यातल्या कुणी विचारलं नाही.