ओहोटी, सव्वासहा

कॅमेऱ्याचं बटण उजव्या हाताचं असतं,
हे छप्पन्न वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.
उजवा हात झोळीत.
मग मी कॅमेरा उलटा धरला,
पट्टा कपाळावर,
आणि डाव्या अंगठ्यानं दाबलं.

पहिल्या फोटोत
आभाळ खाली सांडलेलं,
तिवरं वरून लोंबतायत,
आणि मीठबंदरची एक होडी
छताला पालीसारखी चिकटून.

शब्दही तेव्हा असेच यायचे.
चहा मागायला जावं तर ‘टायर’.
बायकोचं नाव सुलक्षणा.
मी हाक मारायचो, ‘थांब, वजन!’
ती थांबायची.
आनंदनगरच्या जकात नाक्यावरची अठ्ठावीस वर्षं
मेंदूतल्या फुटक्या शिरेपाशी
रांग लावून उभी होती, हॉर्न वाजवत.
नाका केव्हाच बंद झाला.
माल येतच होता.

वाचा शिकवायला यायची अवनी कर्णिक,
चित्रांचे पत्ते घेऊन.
सफरचंद. छत्री. किल्ली.
माझी जीभ एकेकाला परत पाठवायची :
कागद अपुरे.
शेवटी तीच म्हणाली,
‘काका, माझी चित्रं राहू देत. तुमची आणा.’

म्हणून खाडी.
म्हणून भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता,
गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी.

थंडीत रविवारी लांब नळ्यांचे लोक येतात,
गुलाबी पक्ष्यांसाठी.
मी चिखल काढतो.
चिखल वाक्य पुरं करायची घाई लावत नाही.
निवटी वर येते, डोळे डोक्यावर,
अर्धी मासा, अर्धी भलतंच काही,
आणि पाण्याबाहेर श्वास कसा घ्यायचा
ते दहादा करून दाखवते.

हिराजी जाळं झटकत विचारतो,
‘आज काय गावलं?’
मासळीचं विचारावं तसंच.
मी तीन बोटं दाखवतो.
डाव्या हाताची.

त्या दिवशी एक पांढरा बगळा
किती वेळ उभा होता कोण जाणे.
उडाला, मी दाबलं,
आणि मोठ्यानं बोललो :
‘पावती उडाली.’
कट्ट्यावर थर्मास घेऊन बसलेली सुलक्षणा
हसली. कळव्याच्या इस्पितळानंतर
पहिल्यांदा, आवाज करून.
मग पर्समधून पेन काढलं
आणि विजेच्या बिलामागे लिहून घेतलं.
अवनीनं ते वाचलं.
दुरुस्त नाही केलं. खाली तारीख घातली.

आता वही आहे. नाक्याचीच, उरलेली.
रकाने छापील, तसेच ठेवलेत.
माल : धुकं.
वजन : अंदाजे.
शेरा : सोडून दिलं.

माल : खंड्या, एक नग.
वजन : निळं.
शेरा : (डावा हात दुखला, अक्षर लागत नाही)

तिवरांची काही मुळं वर वाढतात,
चिखलातून बोटं काढून हवा पितात.
माझ्या उलट्या फोटोंत ती
साध्या झाडाच्या मुळांसारखी
खाली जाताना दिसतात.
त्यातला एक मी बराच वेळ बघत बसलो होतो.
चहा निवला.

मुलगा म्हणाला, ‘बाबा, सगळे सुलटे करून देतो,
दोन मिनिटांचं काम.’
‘नको,’ मी म्हणालो.
सरळ आला हा शब्द. कुठेच अडला नाही.
आम्ही दोघंही थोडे चमकलो.

उजवी मूठ आता अर्धी उघडते.
बगळ्याला बगळा म्हणता येतं,
अवनीपुढे म्हणतोही, नीट, ग सकट.
वहीत मात्र पावतीच.

आणि सुलक्षणाचं नाव,
चार अक्षरं, त्यात एक जोडाक्षर,
तेही येतं आता.
तरी बंदरावरून परतताना ती दोन पावलं पुढे गेली
की मागून हळूच म्हणतो,
‘थांब, वजन.’

ती थांबते.