बॅच

बालेवाडीत, सातव्या मजल्यावर,
आमची कंपनी विशेषणं तोलते.
सहा लाख खिसे आहेत आमच्याकडे,
कुठल्या खिशात किती वाजता थरथर सोडायची
याचं गणित बसवलंय ओसवालने.
मी मराठी बघते.
म्हणजे एका बातमीला दोन डोकी लावते,
अर्ध्या पुण्याला हे, अर्ध्याला ते,
आणि चहावर साय धरायच्या आत कळतं
कुठल्या डोक्याला जास्त बोटं लागली.

त्या मंगळवारची दोन:
अ. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला.
ब. पुणेकरांनो, आजची रात्र जागून काढावी लागणार?

ब जिंकलं. चौपटीनं.
प्रश्नचिन्हाची युक्ती माझी.
प्रश्न कधी खोटा ठरत नाही,
आणि धरणाचा आकडा आत, बारीक अक्षरात, खराच असतो.
ओसवालने गुंतवणूकदारांपुढे
त्या चिन्हाला अख्खं पान दिलं.
मला पेढे मिळाले,
खुर्ची खिडकीजवळ सरकली.

शनिवारी पिंपरीला गेले.
दादा नेहरूनगरला राहतात, तिसऱ्या मजल्यावर.
पेनिसिलीनच्या कारखान्यात तेहतीस वर्षं, तपासणी खात्यात.
एक कुपी गढूळ दिसली तर सबंध बॅच अडवायचे.
साहेब यायचे, साहेबांचे साहेब यायचे,
एकदा तर दिल्लीहून फोन.
दादा कुपी उजेडात धरून म्हणायचे,
तुम्हीच बघा.

मोरीत सगळ्या बादल्या काठोकाठ.
घराचे कागद, पेन्शनचं पुस्तक, आईचा फोटो
दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत बांधून माळ्यावर.
"मुठा इथवर येते का हो, दादा?"
"नाही येत. आपल्याकडे पवना. तीही लांब.
ठाऊक आहे मला," ते म्हणाले,
"पण त्यांनी विचारलं होतं ना."

टीव्हीशेजारी रक्तदाबाची वही.
जुन्या सवयीनं पट्टीनं आखलेली:
तारीख, वेळ, वरचा, खालचा, शेरा.
मंगळवार. नऊ चाळीस. एकशे बहात्तर, शंभर.
शेरा: कारण समजत नाही.

मी पाठवलं होतं नऊ अडतीसला.

मागची पानं चाळायला नको होती, चाळली.
बँकेची अफवा. बिबट्याची ती क्लिप,
जो बिबट्या नव्हताच.
माझ्या एकेका विजयाची तारीख
निळ्या शाईत, सुवाच्य,
आणि पुढे दरवेळी तोच शेरा.
दादा आतून म्हणाले, "साखर किती घालू गं?"
मला आठवेना मी किती घेते.

सोमवारी मी तिसरं डोकं लिहिलं.
क. पाणी ओसरतंय. झोपा.
शंभरातल्या एकानंही उघडलं नाही.
ओसवाल वाईट माणूस नाही, हसून म्हणाला,
"बघ, लोकांनाच नकोय."
झोपलेला माणूस बोट लावत नाही, हे त्याला सांगायचं होतं,
पण त्याच्या आलेखात झोप
शून्यासारखीच दिसते.
आणि हप्ता माझाही पाच तारखेला जातो.

गुरुवारी सगळे जेवायला खाली गेले तेव्हा
यादीतून एक नंबर काढला.
एकच.
पडद्यावर पाच लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी रात्री दादांचा फोन.
"यंत्र बिघडलं की काय गं?
दोन दिवस झाले, आवाज नाही.
तुमची कंपनी बरी आहे ना?"
"बरी आहे, दादा. अडवली मी. गढूळ होती."

पलीकडे पंख्याची कुरकुर.
कुपी उजेडात धरून
एकदा उलटी करायला लागावा
तेवढा वेळ गेला.
मग त्यांनी विचारलं,
"सगळी बॅच ना?"