पाटी क्रमांक सतरा

हिंगण्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे
पत्र्याच्या शेडमध्ये आमचा समुद्र आहे.
पाच टक्के मीठ, पस्तीस अंश,
काचेमागे रात्रंदिवस धुकं.
मीठ मी मोजून घालते.
खरा बघायचा तर कुठल्याही दिशेला निघा,
एक रात्र रेल्वेत काढावीच लागते.

धुर्वेकाका पोलाद सोलून देतात.
ग्रिटच्या फवाऱ्याखाली पाटी पांढुरकी होते,
सोललेल्या बटाट्यासारखी, लगेच काळवंडायच्या बेतात.
"चार घंट्यात रंग मारजो, माय.
नंगं लोखंड कोनाचं ऐकत नाही."

मग जस्त. मग एपॉक्सी, दोन हात.
वरून तांब्याचा लाल, गेरूसारखा,
जो पाण्यात रोज थोडा विरत जातो
आणि चिकटू पाहणाऱ्याला सोबत घेऊन जातो.
जस्ताचं काम वेगळं: लोखंडाच्या आधी आपण गंजायचं.
हे शिकवताना कोसरे सर नेहमी घसा खाकरतात,
जणू घरातल्या कुणाबद्दल बोलतायत.

राहून गेलेल्या जागेला या धंद्यात हॉलिडे म्हणतात.
ओला स्पंज फिरवायचा, तार जोडायची;
सुईच्या टोकाएवढी उघडी जागा असली
तरी यंत्र किंचाळतं.
मला ते रविवारीही ऐकू येतं,
इतवारीत, वांगी निवडताना.

गेल्या वर्षी पाट्या रत्नागिरीला गेल्या.
मिरकरवाड्याच्या जेटीखाली, दोरीला टांगून, अकरा महिने.
परत आल्या त्या मे महिन्यात, गोणपाटात.
बाहेर शेहेचाळीस, कूलरला पाणी पुरेना,
आणि गाठ सोडल्याबरोबर शेडभर तो वास.
धुर्वेकाका दारातच थांबले. "काय मेलं व याच्यात?"
मी म्हटलं, समुद्र असावा.
मला तरी कुठे ठाऊक होतं.

सोबत इस्माईल सोलकरांची चिठ्ठी:
"ओहोटीला बघायचो. तुमची सतरा नंबर हट्टी आहे."

बिनतांब्याच्या पाट्यांवर गर्दी:
कालवं, नळ्या बांधून राहिलेले किडे, हिरवी लव,
आणि बार्नॅकल, चुन्याचे एवढेएवढे बुरूज, तोंडाशी दार लावलेले.
पट्टीने खरवडले. निघाले,
पण प्रत्येकाने मागे पांढरी चकती ठेवली,
भाडेकरू खोली सोडतो आणि खिळा राहतो, तशी.

सतरा मात्र स्वच्छ. गुळगुळीत, थोडी झिजलेली.
टॉर्च तिरपा धरला.
खालच्या उजव्या कोपऱ्यात फोड.
खसखशीएवढे, पण विखुरलेले नाहीत:
रेषेत, रेषेशेजारी रेष, वाकत वाकत गोल फिरलेली.

माझा अंगठा.

आदल्या एप्रिलमधला. हातमोजा घामाने भिजला म्हणून काढला असेल,
टांगताना क्षणभर पाटी धरली असेल.
एवढंसं मीठ रंगाखाली राहिलं
आणि बाहेरच्या पाण्याला अकरा महिने बोलावत बसलं.
समुद्राचं मीठ आत शिरलंच नव्हतं.
एक फोड सुईने फोडला. आत थेंब.
जिभेला लावला नाही. लावावासा वाटला.

कोसरे सर म्हणाले, "कोणाचा ते कशाला? लिही, कारण अनिश्चित."
आईला सही शिकवली तेव्हा वाटलं होतं
आमच्या घरातला अंगठा संपला.
स्टोअरमधून शाईचं पॅड मागवलं,
अहवालाच्या कडेला उठवला, शेजारी फोटो चिकटवला.
दोषाचं कारण: हाताळणीतील क्षार.
हाताळणारी: सुकेशिनी मेश्राम.

सर बराच वेळ बघत राहिले.
मग चष्मा पुसून सही केली.

संध्याकाळी धुर्वेकाकांनी सतरा पुन्हा फवाऱ्याखाली धरली.
लाल गेला, राखाडी गेला, जस्त गेलं,
फोडांच्या जागी काळे ठिपके होते, तेही गेले.
मी दोन हातमोजे चढवून उभी.
तोंडावर मास्क, बोलता येईना;
त्यांनी पाटी चिमट्याने पुढे केली
आणि दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवली,
अंगठा तळव्यात मिटलेला.