टाकी भरलेली

डिसेंबरचे शेवटचे तीन दिवस
माझ्या ट्रकचं इंजिन गार पडत नाही.
वर्षभर ज्यांना दानधर्म सुचत नाही
त्यांना एकतीस तारखेच्या आत सुचतो,
आणि सुचलेला धर्म मी साखळीनं ओढून नेतो.
तक्रार नाही. फेरीमागे चाळीस डॉलर सुटतात.

आजची ही सातवी. मार्केट गाव, मिशिगन.
सरोवरावरून वारा असा, की
नाक जागेवर आहे का ते आरशात बघून ठरवावं.
चढावरच्या शेवटच्या घरापुढं
आयली कांतोला, ऐंशीच्या पलीकडची,
पुरुषी कोटात बुडून बर्फात उभी.
"घड्याळात किती झाले तुझ्या?"
तीन चाळीस.
"आणि तारीख?"
एकतीस.
"मग पावतीवर ती ठळक लिही."

गाडी ब्यूक, मरून.
रस्त्यावरच्या मिठानं दारांच्या कडा खाल्लेल्या,
आतून मात्र अशी पुसलेली
जशी उद्या कुणाला दाखवायची आहे.
किल्ली फिरवली. काटा सरकत सरकत
पार टोकाला जाऊन टेकला.
"सकाळीच भरून आणली," ती म्हणाली.
"उपाशीपोटी कुणाला घराबाहेर काढत नाही आम्ही."

मी काय बोलणार.
यार्डात पहिलं पेट्रोलच उपसतात,
लिलावात बोली लागते ती पत्र्यावर,
आणि जेवढ्याला विकली जाईल
साधारण तेवढाच आकडा तिच्या पावतीवर येणार.
टाकीसाठी रकाना नाही.

मालकीचा कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून काढला.
रायनो किंवा आयली कांतोला.
म्हटलं, बरं झालं 'किंवा' आहे,
एकाच्या सहीवर भागतं.
'आणि' असतं तर कोर्टाचे हेलपाटे होते.
तिनं चष्मा लावला.
वाचलं, परत वाचलं.
"बावीस वर्षं हा कागद चमच्यांच्या खणात पडून आहे.
आम्ही 'किंवा' होतो होय!"

मग बोलत सुटली. थंडीत, उभ्या उभ्या.
रायनो मार्चमध्ये गेला.
तीन-तीन डॉलरच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात ठेवणारा माणूस.
दर एकतीस डिसेंबरला जुने कपडे पोत्यात भरून
धर्मादाय दुकानात नेऊन टाकायचा.
एका वर्षी आकडा जुळेना
तर पायातले चांगले बूट काढून दिले
आणि सपाता घालून घरी आला.
"टॅक्सच्या फॉर्मवर या सालापुरती
आमची दोघांची नावं अजून चालतात.
उद्यापासूनच्या सालात मी एकटी.
म्हणून म्हटलं, हे त्याच्या हिशेबात जाऊ दे.
लायब्ररीत फॉर्म भरून देणारा मुलगा म्हणाला,
आजी, तुमच्या पेन्शनला यातून फायदा शून्य.
म्हटलं, शून्य तर शून्य. पण लिही."

नंबर प्लेटचा एक स्क्रू गोठलेला.
तिनं किटलीतून गरम पाणी आणून ओतलं,
जरा माझ्या हातमोज्यावरही.
प्लेट पुसून तिनं काखेत धरली.

पावती फाडायच्या आधी विचारलं,
नाव कुणाचं घालू?
"दोघांचं."
मधे काय लिहू?
तिनं माझ्या हातातून पेन ओढून घेतलं
आणि 'आणि' असं दाबून लिहिलं
की खालच्या पिवळ्या प्रतीवरसुद्धा उमटलं.
एरवी तिथवर माझी सही पोचत नाही.

यार्डाच्या दाराशी माझ्यापुढं अकरा गाड्या.
शेऱ्याच्या जागी मी 'टाकी भरलेली' असं लिहून ठेवलं होतं.
गस पाइप आणि बादली घेऊन आला,
कागदावर टॉर्च मारली.
"हे कशाला लिहिलंस?
काट्यावर दिसतंय की."